गुंतवळ मागणाऱ्या अक्का

चैत्रातला शेवटचा रविवार. वेळ सकाळची, दुकान नुकतंच उघडलेलं. स्थळ: लातूर, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं अक्कांचं कटलरी दुकान. हजर: गल्ल्यावर अक्का. आत खुर्चीत अप्पा, म्हणजे अक्कांचे यजमान; हजर, पण झोपलेले. पायरीवर नाझरीणबाई, म्हणजे आमच्या कचेरीतल्या नाझरसाहेबांच्या बायको, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. शेजारी त्यांची नणंद, बोलायच्या तयारीत. मागे सरकारी क्वार्टर्समधल्या पाच-सहा बायका, सगळ्या एकदम आलेल्या आणि एकही काही विकत घ्यायला न आलेली. आणि मी, अक्कांची भाडेकरू, रिकामी घागर घेऊन टँकरकडे निघालेली.

बायकांची मागणी एकच होती. "आमचे केस परत द्या."

अक्का त्या वेळी नव्या आवळा तेलाची शिशी उघडून हुंगत होत्या. पुरतं हुंगून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. कुणी केस मागो की जीव, शिशी अर्धवट हुंगून ठेवायची नाही, हा त्यांचा नियम होता. मग बूच लावून त्या म्हणाल्या, "बसा. उभ्यानं भांडलं की पाय दुखतेत."

केस परत मागण्याचं हे प्रकरण कळायचं तर आधी अक्कांची पद्धत सांगायला हवी. क्रमाने सांगते.

अक्का मूळच्या उदगीरच्या, लिंगायत घरातल्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला, की त्यांचा स्वतःचा एक केस गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. केसांच्या वस्तू विकणाऱ्या बाईचे केस दिसू नयेत, याचा गल्लीतल्या बायकांना संशय होता. अक्कांना तर सगळ्याचाच होता. "वास लई गोड आला की समजावं, खाली काहीतरी झाकलंय," असं त्या म्हणायच्या. थंडीत खोबरेल थिजलं नाही तर त्या ते परत पाठवत, आणि उन्हाळ्यात थिजलेलं आलं तर तेही. शिशीवर मोकळ्या केसांच्या हसऱ्या बाईचं चित्र असलं की एजंटाला विचारत, "ही तुझ्या वळखीची हाय का? मग तिला इचारून ये, ती खरंच हेच लावती का दुसरं काही."

पण शिशीवरचा संशय हा निम्माच. उरलेला गिऱ्हाइकावर. बाई स्वतःच्या केसांबद्दल कधी खरं सांगत नाही, हे त्यांचं ठाम मत. "राठ केसाची म्हणती माझे मऊ हायत. गळणारी म्हणती, इतके दाट की आवरत न्हाईत. तोंडाचं ऐकू नये. केसालाच इचारावं." त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला त्या पहिल्या दिवशी काहीच विकत नसत. "उद्या गुंतवळ घेऊन ये, मग बघू." विंचरताना फणीत अडकून येतात त्या केसांचा गुंता म्हणजे गुंतवळ. आमच्याकडे बायका ते भिंतीच्या फटीत खुपसून ठेवत आणि गुंतवळावर सुया-पिना देणारी बाई दारावर आली की तिला देत. नुसतं टाकायचं झालं तर आधी त्यावर थुंकत. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, हे प्रत्येकीला आईने बजावलेलं असे. का, ते कुणी मोठ्याने बोलत नसे. भानामतीचं नाव घरात काढत नाहीत.

अक्का मात्र सगळ्यांचं गुंतवळ मागत. आलं की ते कानापाशी नेऊन दोन बोटांत चोळत आणि ऐकत. राठ केस करकरतो. मग दोन-चार केस काढून त्यावर तेलाचा थेंब टाकत आणि कागदावर उन्हात ठेवत. संध्याकाळपर्यंत तेल आत गेलं तर तो 'पिणारा' केस. तेल वरच चमकत, धूळ धरत राहिलं तर 'पांघरणारा'. आणि वाळल्यावर मनाला येईल तिकडे वळणारा, कुरळा, तो 'रुसणारा'. पिणाऱ्याला न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल. पांघरणाऱ्याला तेल बंद, शिकेकाई, आणि फारच उडत असतील तर ब्रिलियंटाईन नावाच्या केसांच्या क्रीमचा ठिपका तळहातावर चोळून वरवर फिरवायचा. रुसणाऱ्याला कोरडी फणी लावायची नाही. जवस उकळून गाळला की जो चिकट रस निघतो, तो ओल्या केसांना लावायचा आणि हात काढून घ्यायचा. "रुसलेल्याला मारून सरळ करता येत न्हाई," असं वर सांगणं. एकदा काही लावलेल्या केसावर दुसरं काही तपासायचं नाही, कारण त्याचा मूळचा वास गेलेला असतो. म्हणून उरलेलं गुंतवळ पुडीत बांधून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. कुणाची पुडी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक पुडीला वेगळ्या रंगाचा दोरा: लाल, काळा, पिवळा, हिरवा.

मी लातूरला आले ती जिल्हा नवा झाल्यावर. कचेऱ्या उघडत होत्या, टेबलं येत होती, माणसं येत होती; भाड्याच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच. मी कंधारची. आमचं घर बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. खोली बघायला गेलं की आधी आडनाव, मग गाव, मग "अरे हो, आमचा भाचा यायचाय राहायला, विसरलोच," असा क्रम मला पाठ झाला होता. अक्कांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि भाच्याची वाट बघत उभी राहिले. त्या माझ्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, "एवढे कुरळे केस आन् वर कोरडी फणी? कुणी सांगितलं तुला? उद्या गुंतवळ घेऊन ये."

"आणि खोलीचं?"

"खोलीचंबी उद्याच."

दुसऱ्या दिवशी मी पुडी नेली. हातात दिली नाही, गल्ल्यावर ठेवली. बाई ती उचलते की मलाच उघडायला लावते, हे मला बघायचं होतं. अक्कांनी उचलली, कानापाशी नेली, चोळली. "रुसणारा," त्या म्हणाल्या. "खोली घे. पाणी मी देईन तेवढंच." तेव्हापासून त्या मला 'कंधारवाली' म्हणायला लागल्या.

पाण्याचं सांगते. सलग दुसरं वर्ष पावसाने तोंड दाखवून पाठ फिरवली होती. क्वार्टर्सना बोअरचं पाणी होतं, खारट, साबणाला फेस न येणारं. पिण्यासाठी टँकर, तो येईल तेव्हा येईल. अक्कांच्या मागच्या अंगणात आड होता. त्यावर लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप. आड आटलाय, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण अक्कांनीच तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे तळाशी गोड पाणी होतं. पहाटे गल्ली उठायच्या आधी अक्का कुलूप काढत, स्वतः पोहरा सोडत आणि माझी एक घागर भरून देत; बाकीचं मी टँकरवरून आणायचे. "कुणाला बोलशील तर तुझी आन् माझी दोघींची घागर कोरडी," एवढंच बजावत.

मला त्या दोराला हात लावू देत नसत. त्याचं कारण मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. लहानपणी आजोळी मी विहिरीपासून लांब उभी राहून ओंजळ धरलेली आहे. दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी कसं वाजतं, ते मला कुणी सांगायला नको. पुढे पाहिलं तर अप्पांनाही दोराला हात लावायची मुभा नव्हती. "तुमी पोहरा आपटता. आवाज गल्लीत जातो," असं अक्का त्यांना फटकारत. म्हणजे कारण दुसरंच होतं? असेल. दोन्ही असतील. मी यावर पुष्कळ विचार केला आणि निकाल लावला नाही. अक्कांच्या घरात राहून मीही थोडी अक्का झाले होते.

आता फिक्सर. तो आणला नांदेडच्या एका एजंटाने. पाण्यासारखा दिसणारा, बोटाला चिकटणारा पदार्थ. केसांना लावून वाळू दिला की केस बसवले तिथेच बसतात. "आमच्या नांदेडात सरदारजी लोक दाढीला लावतेत, अक्का. वावटळ येऊ द्या, एक केस हलत न्हाई."

"मग दाढीवाल्यांनाच इक. माझ्या गिऱ्हाइकात कुणाला दाढी दिसायली का तुला?"

आत अप्पांनी झोपेतच हनुवटी चाचपली.

पण एजंट हटेना. त्या उन्हाळ्यात सुटलेला धुळीचा वारा केसांची दैना करत होता आणि नव्या कचेऱ्यांतल्या बायका नीटनेटकं दिसण्यासाठी काहीही मागत होत्या. अखेर अक्कांनी शिशी ठेवून घेतली आणि तपासणी सुरू केली. पिणारा, पांघरणारा, रुसणारा, तिन्ही केसांवर लावून बघितला, उन्हात वाळवला, धुतला. तिन्ही केस पहिल्यासारखे. "वास न्हाई, रंग न्हाई, धुतला की गेला," त्या म्हणाल्या. "ह्यात झाकायला जागाच न्हाई." एखाद्या शिशीला अक्कांनी इतकं मनापासून चांगलं म्हटल्याचं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

नाझरीणबाई औरंगाबादेहून आलेल्या. त्यांचे केस बारीक, मऊ, पांघरणारे, वाऱ्यावर उडून तोंडात जाणारे. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गुंतवळ देऊन, अक्कांचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी फिक्सर नेला. हळदीकुंकवाला त्यांचा आंबाडा असा काही बसला, की मोठ्या साहेबांच्या बायकोनेही विचारलं, काय लावता म्हणून. इथपर्यंत ठीक. पण आंबाडा इतका चांगला बसला, की नाझरीणबाईंनी तो सोडलाच नाही. न्हायला पाणी कुठे होतं? केस धुता येत नाहीत, तर निदान बसलेले तरी राहोत. रोज सकाळी जुन्या थरावर नवा थर. क्वार्टर्समधल्या आणखी दोघींनी तेच सुरू केलं. दुष्काळात हा हिशोब प्रत्येकीला पटण्यासारखाच होता.

शेवटी डोकं खाजायला लागलं तेव्हा नाझरीणबाईंनी आंबाडा सोडून तांब्याभर-दोन तांबे बोअरच्या पाण्याने केस धुतले. फेस आलाच नाही. फिक्सर सुटायच्या ऐवजी केसांवर पांढरा लगदा धरला. तो वाळल्यावर त्यांनी फणी घातली आणि फणीबरोबर केसांचे पुंजके आले.

इथून पुढचं काम नणंदेने केलं. फिक्सरचं नाव मागे पडलं, गुंतवळाचं पुढे आलं. अक्का केस मागून घेते. पुड्या बांधून ठेवते. पुड्यांना रंगीत दोरे बांधते. नाझरीणबाईंचं गुंतवळ तिच्याकडे गेलं आणि केस जायला लागले. पाण्याच्या रांगेत माणसाला करायला दुसरं काही नसतं. दोन टँकर येऊन जाईपर्यंत ही गोष्ट सगळ्या वस्तीत फिरून आली. आणि म्हणून त्या रविवारी त्या बायका पायरीवर होत्या.

"केस का कुणी दुकानात ठेवतं?" नणंद म्हणाली. "आन् वर दोरे! काय करती ही बाई त्यांचं, हे इचारा की कुणीतरी!"

मागून कुणीतरी तो शब्द उच्चारला. भानामती. हळूच, पण सगळ्यांना ऐकू आला. मला तो चांगला माहीत होता. आमच्या कंधारकडे, मुखेडकडे एकदा हा शब्द चिकटला की बाई गावातून कशी उठते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुकान बंद पडणं ही त्यातली सगळ्यात हलकी शिक्षा. माझ्या हातातली घागर मी खाली ठेवली.

अक्कांनी पत्र्याचा डबा काढून गल्ल्यावर ठेवला. "ह्यो डबा. कुणी हात लावू नका, मीबी लावत न्हाई." मग नाझरीणबाईंना म्हणाल्या, "बाई, रुमाल काढा."

नाझरीणबाईंनी रुमाल काढला. केस कसले, नारळाच्या शेंड्या, त्यावर पांढरी पुटं. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या भांडत नव्हत्या. भांडण सगळं नणंदेकडे होतं.

"कशानं धुतले?"

"साबणानं."

"पाणी कुठलं?"

"बोअरचं. दुसरं कुठलं असतंय?" नणंद मध्येच म्हणाली. "पाण्याचं काय काढता? केसांचं बोला!"

अक्कांना काय कळलं ते मला कळलं, कारण फिक्सरच्या तपासणीचं पाणी कुठून आलं होतं हे त्या गल्लीत आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातले अप्पा झोपलेले होते. अक्कांपुढे एक सोपी वाट होती: शिशी खराब, एजंट लबाड. अक्कांच्या तोंडून ते कुणालाही पटलं असतं. लबाड नसलेला एजंट त्यांच्या मते अजून जन्मायचा होता. पण मग गुंतवळाचं आणि दोऱ्यांचं काय, हा संशय तसाच राहिला असता. दुसरी वाट त्यांच्या कमरेला लोंबत होती. त्यांचा हात जुडग्यावर गेला, तिथेच थांबला, आणि मग त्यांनी एक किल्ली सोडवली.

"फिक्सर मी तपासला व्हता," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पाण्यात. तुमच्या पाण्यात बघितला न्हाई. चूक माझी हाय."

"तुमचं पाणी म्हणजे कुठलं?"

"आडाचं."

"आड तर आटलाय म्हणत व्हता की!"

"म्हणत व्हते."

अक्कांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "कंधारवाली, कुलूप काढ. दोन घागरी आण. मी हितून हलले तर ह्या म्हणतील, पुड्या बदलल्या."

"पोहरा?" मी विचारलं.

"तूच सोड. आन् आपट खुशाल. आता गल्लीला कळलंच हाय."

मी मागे गेले, झाकण उचललं, दोर हातात घेतला. दोर माझ्या कल्पनेपेक्षा जाड होता. पाणी खूप खाली होतं. पोहरा जाऊन पाण्यावर आपटला तो आवाज आडातून वर आला, आणि पुढे दुकानात चाललेली कुजबुज एकदम थांबली.

मग जे झालं ते सगळ्यांसमोर. एकीने क्वार्टरवरून बोअरचं पाणी तांब्यात आणलं. अक्कांनी नणंदेला डब्यातली कुठलीही पुडी उचलायला सांगितली. तिने काळ्या दोऱ्याची उचलली. ती निघाली माझी. माझे केस दोन कागदांवर, दोन्हींवर फिक्सर, पायरीच्या उन्हात. चैत्राचं ऊन, वाळायला वेळ लागला नाही. मग साबण लावून एक भाग आडाच्या पाण्यात, एक बोअरच्या. एक सुटा झाला. दुसऱ्यावर तोच पांढरा लगदा. बायका वाकून बघत होत्या.

"आडाच्या पाण्यात तुमी काही टाकलं नसंल कशावरून?" नणंदेने विचारलं.

त्या सकाळी अक्का पहिल्यांदा खूश दिसल्या. "शाब्बास! असंच इचारावं." आणि त्याच घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन त्या घटाघटा प्यायल्या.

नाझरीणबाईंचे केस त्यांनी मागच्या अंगणात स्वतः धुतले. रिठ्याच्या पाण्याने, सावकाश, बट बट सोडवत. मी पाणी ओढत होते आणि ओतत होते. डोक्यावर पहिला तांब्या पडला तेव्हा नाझरीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, गोड पाणी!" आणि मग खरंच रडल्या. केस सगळे वाचले नाहीत. खालचा वीतभर भाग अक्कांना कापावा लागला. बाकीच्या बायका अंगणाच्या दारात उभ्या होत्या, पण केसांकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आडाकडे. थोड्या वेळाने एकीने विचारलंच, "अक्का, प्यायला तांब्याभर मिळंल का?"

आड वैशाख संपायच्या आत आटला. खरोखर आटला. अक्कांनी आल्या-गेल्याला घागर दिली, कुलूप अंगणातल्या खुंटीला टांगलं, आणि गाळ लागल्यावर आमच्याबरोबर टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. तिथे त्या टँकरचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगत आणि ड्रायव्हरला विचारत, "हे कुठल्या हिरीचं? खरं सांग. आन् वाटंत काही मिसळलं का?" रांगेतल्या बायका हसत. अप्पा म्हणाले, "लपवून ठेवलं तवा पुरत व्हतं." अक्का म्हणाल्या, "तुमी निजा."

काही बायकांनी आपापल्या पुड्या परत नेल्या, त्या पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. तो शब्दही पुरता पुसला गेला नाही. असे शब्द पुसले जात नाहीत. पण दुकान चाललं. पुढच्या आठवड्यात नणंद एकटीच आली, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःचं गुंतवळ गल्ल्यावर ठेवलं. अक्कांनी ते उचलायच्या आधी विचारलं, "पाणी कुठलं?" त्या दिवसापासून त्यांचा पहिला प्रश्न तोच झाला. केस नंतर. आणि दोर? दोर त्यांनी माझ्या हातून कधी परत घेतला नाही, जोवर ओढायला पाणी होतं तोवर.

माझी नांदेडला बदली झाली तेव्हा अक्का एसटी स्टँडवर आल्या. गाडीखाली उभं राहून आधी त्यांनी शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे निरखून पाहिलं, मग माझ्या पिशवीचे बंद तपासले. मग कमरेतून एक पुडी काढली. दोरा पांढरा होता.

"माझं हाय," त्या म्हणाल्या. "आजवर कुणापाशी दिलेलं न्हाई. लई शिश्या हुंगल्या, पण स्वतःच्या केसाला काय लावावं ते मला उमगलं न्हाई. माझ्यावर माझाच इस्वास न्हाई. तू बघ. तिकडं गोदावरीचं पाणी हाय. त्यात बघ आन् काय लागतंय ते कळीव."

गाडी सुटल्यावर मी पुडी उघडली. थोडेसेच केस, एकदाच तपासता येईल एवढे. पांढरे झालेले, लांब, आणि कुरळे. माझ्याहून कुरळे.

आता मी नांदेडातच, विष्णुपुरीजवळ राहते. नळाला गोदावरीचं पाणी येतं. मुलगी तिथल्याच कॉलेजात शिकते. केस तिने माझे घेतलेत, आणि तिच्या फळीवर जेल, मूस, सीरम अशी रांग आहे. प्रत्येकावर 'कुरळ्या केसांसाठी' असं लिहिलेलं. परवा तिच्याबरोबर दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, केसांचा प्रकार कोणता?" मी म्हणाले, "आधी हे सांग, हे कुठल्या पाण्यात तपासलंय?" काउंटरवरची मुलगी माझ्या लेकीकडे बघत राहिली. "आई, चल," लेक म्हणाली. मी शिशी उघडून हुंगली. वास फार गोड होता. ठेवून दिली.

अक्का गेल्याचं मला उदगीरच्या एका ओळखीच्या बाईकडून उशिरा कळलं. त्याआधी कितीतरी वेळा वाटलं, आज बघू. जवस उकळलाही एकदा. लगेच मनात आलं, जवस कुठल्या दुकानातला? ताजा आहे का? मग एक तेल चांगलं निघालं, पण त्याचं बूच आधी कुणी उघडल्यासारखं वाटलं. केस एवढेसेच. एकदा काही लावलं की मूळचा वास गेला. त्या पुडीवर टाकावी एवढ्या भरवशाची शिशी मला आजवर सापडलेली नाही.

मी दर रविवारी कामांची यादी करते आणि झालेलं खोडते. बँक, गॅस, दळण, लेकीची फी. सगळ्यात वरचं काम गेली कित्येक वर्षं मी नव्या कागदावर तसंच उतरवून घेते आहे: अक्कांच्या केसांना काय लागतं ते कळवणे.